सरहद्दीचे शिरस्तेदार

मनुष्याने पृथ्वीवर ज्या ज्या सरहद्दी आखल्या त्यांपैकी बहुतेकींना नदीचा, डोंगराचा, निदान एखाद्या निवडुंगाच्या कुंपणाचा तरी आधार असतो. परंतु ‘इंडी’ आणि ‘ऑल्टरनेटिव्ह’ ह्या नावांनी चालणाऱ्या रॉक संगीताच्या दोन मुलखांची हद्द केवळ एका गृहस्थांच्या भुवईवर उभी असून, ते गृहस्थ मँचेस्टर, ग्लासगो, सिॲटल अशा कोणत्याही बऱ्या शहरातील जुन्या तबकड्यांच्या दुकानात शनिवारी दुपारी हटकून सापडतात. वय पन्नाशी उलटलेले. अंगातील काळ्या सदऱ्यावर कोण्या एका बँडचे नाव छापलेले, पण ते धुण्याने इतके पुसट झालेले की कोणासही वाचता येऊ नये. आणि वाचता येत नाही ह्याचेच त्यांना समाधान, कारण जे नाव रस्त्यावरच्या माणसास वाचता आले ते बाटलेच. त्यांची नेमणूक कोणी केलेली नाही, त्यांना वेतन नाही, आणि त्यांच्या निकालावर दाद मागावी असे वरचे न्यायालयही नाही. तेव्हा आपण त्यांना आदराने शिरस्तेदार म्हणू.

शिरस्तेदारांच्या हाती तबकडी पडली की ते प्रथम ती उलटी करतात. पुढच्या बाजूस चित्र काय, गाणारा कोण, हे पाहणे ही हौशी लोकांची रीत. शिरस्तेदार चष्मा कपाळावर चढवून, वेष्टनाच्या मागे अगदी तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ नाकाशी धरतात: प्रकाशन कोणाचे, वितरण कोणाचे. मूळ कायदा त्या एका ओळीत आहे. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स ह्या बँडने घरच्यांकडून व मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन, कोणत्याही बड्या कंपनीची पायरी न चढता, चार गाण्यांची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच काढली आणि कोणते गाणे कितव्या प्रयत्नात साधले हेही वेष्टनावर निर्व्याजपणे छापून टाकले; लंडनात रफ ट्रेडसारख्या दुकानाने असला माल विकता विकता पुढे स्वतःही तबकड्या काढल्या; आणि १९८० च्या जानेवारीपासून अशा स्वतंत्र मालाच्या खपाची निराळी यादीच प्रसिद्ध होऊ लागली. नियम सरळ होता. वितरण बड्या कंपनीच्या हातून झाले नसेल तर तबकडी इंडी. मग आत सतार वाजो की कुत्रे भुंकोत. हा इतिहास सांगताना शिरस्तेदारांचा कंठ दाटून येतो, आणि दुकानदार, ज्याला तो मुखोद्गत झालेला असतो, मागच्या खोलीत काहीतरी काम काढून निघून जातो.

परंतु कायदा शब्दशः चालवला की नको ती मंडळी खातेदार होऊन बसतात. १९८८ साली कायली मिनोग ह्या ऑस्ट्रेलियन बाईंची, निव्वळ नाचण्यासाठी व गुणगुणण्यासाठी रचलेली गाणी पीडब्ल्यूएल ह्या स्वतंत्र कंपनीने स्वतंत्र वितरकामार्फत विकली, आणि बाई कागदोपत्री निर्दोष ठरून इंडी यादीच्या वरच्या ओळींत विराजमान झाल्या. शिरस्तेदारांनी तत्काळ फेरफार केला: मालकीचा पुरावा ग्राह्य, पण पुरेसा नव्हे, नादही पाहिला पाहिजे. नादाचा नमुना म्हणून ते १९८६ साली ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ साप्ताहिकाने काढलेली ‘सी८६’ ही २२ बँडांची कॅसेट हजर करतात: किणकिणणाऱ्या गिटारी, जमिनीकडे नजर लावून गाणारा संकोची गायक, आणि वाजवणाऱ्यास नुकतेच झोपेतून उठवले असावे असा ताल.

अमेरिकेचा मुलूख आला की त्यांची भाषा अधिकच दप्तरी होते. तिकडे ऑल्टरनेटिव्हची वहिवाट महाविद्यालयांच्या रेडिओ केंद्रांवरून पडली, आणि जॉर्जियातील अथेन्स गावचा आर.ई.एम. हा बँड तिच्या मूळ वतनदारांपैकी. तोच १९८८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स ह्या बड्या पेढीत दाखल झाला, तेव्हा मुलूख वतनदाराबरोबर गेला की मागे राहिला, ह्या कज्जाचा निकाल अद्याप लागायचा आहे. १९९१ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी ऑल्टरनेटिव्ह संगीतासाठी निराळे पारितोषिक सुरू केले. ते पहिलेच गायिका शिनेड ओ’कॉनर ह्यांनी नाकारले, आणि नाकारल्यामुळेच त्या त्यास पात्र ठरतात असा शिरस्तेदारांचा अभिप्राय आहे.

सर्वांत बिकट प्रकरण ४९ टक्क्यांचे. ओॲसिस ह्या बँडच्या तबकड्या काढणाऱ्या क्रिएशन कंपनीचा एवढा हिस्सा सोनीने १९९२ मध्येच घेतला होता. सिॲटलच्या सब पॉप कंपनीचाही तेवढाच हिस्सा १९९५ मध्ये वॉर्नरकडे गेला. ५१ टक्के आत्मा शाबूत असता मनुष्य जिवंत समजावा की कसे, ह्या मुद्द्यावर शिरस्तेदारांना आपल्या मित्राशी (हो, त्यांना एक मित्र असतो, आणि तो त्यांच्याशी असहमत असतो) बंद झालेल्या दुकानाच्या पायरीवर, भर पावसात, छत्री मिटलेलीच ठेवून बोलताना मी पाहिले आहे.

एकदा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा निर्वाना ह्या बँडची ‘नेव्हरमाइंड’ घेऊन गल्ल्यापाशी आला आणि आपल्याला इंडी फार आवडते असे दुकानदारास म्हणाला.

“हे इंडी नव्हे,” शिरस्तेदार मृदू स्वरात म्हणाले. “हे गेफेन कंपनीचे.”

“मग ऑल्टरनेटिव्ह?”

“१९९२ च्या जानेवारीपर्यंत होते.”

त्या महिन्यात ह्या तबकडीने मायकेल जॅक्सनला खाली सारून अमेरिकेच्या खपयादीत पहिले स्थान पटकावले होते.

“पण गाणी तर तीच आहेत ना?”

“गाणी तीच आहेत, बाळ. ऐकणारे बदलले.”

मुलाने पैसे मोजले आणि तबकडी काखोटीस मारून तो चालता झाला. थोड्या वेळाने शिरस्तेदार त्याच तबकडीतील एक चाल शिटीवर घोळवीत होते. माझे लक्ष गेलेले पाहताच त्यांना खोकला आला.

ह्या गृहस्थांच्या भावजयीने, जिने कित्येक वर्षे जेवणाच्या टेबलाशी ही कलमे निमूटपणे ऐकून घेतली होती, एका नाताळात त्यांना अडेल ह्या गायिकेची ‘२१’ भेट दिली. २०११ साली निघालेल्या ह्या तबकडीच्या जगभर कोट्यवधी प्रती खपल्या असून ती ठाऊक नसलेले घर इंग्लंडात शोधावे लागेल. पुढील हकीकत मला तिनेच सांगितली. “भावोजी,” ती म्हणाली, “मागची ओळ वाचा.” चष्मा कपाळावर चढला. एक्सएल रेकॉर्डिंग्ज, कोणत्याही बड्या कंपनीच्या ताब्यात नसलेली स्वतंत्र पेढी. मूळ कायद्याने दावा बिनतोड होता. बराच वेळ शांतता राहिली.

“अमेरिकेत ही कोलंबियाने काढली,” शिरस्तेदार अखेर म्हणाले.

“ही इंग्लंडची प्रत आहे.”

“नोंद करतो,” ते म्हणाले, “पण हरकत राखून.” आणि त्यांनी ती नेऊन कपाटाच्या अगदी खालच्या, ‘तपास चालू’ अशी चिठ्ठी लावलेल्या कप्प्यात, कायली मिनोग ह्यांच्या सहा तबकड्यांशेजारी ठेवली.