पडायची मुभा

मुंबईजवळच्या काशीगावातला चाळिशी ओलांडलेला माणूस रस्त्यात पडला तर आधी गुडघा बघत नाही, आजूबाजूला बघतो. कोणी पाहिलं तर नाही ना? मग पँट झटकून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने मेट्रोच्या खांबांखालून चालू लागतो. सोसायटीच्या ओल्या लॉबीत घसरला, तर कमिटीला लेखी तक्रार.

हाच माणूस जानेवारीत गुलमर्गला जातो. भाड्याचा कोट आणि बूट चढवतो, पायांना दोन पट्ट्या बांधून घेतो आणि तासभर मनसोक्त आपटतो. व्हिडिओ बायकोने काढायचा. एखादं आपटणं तिच्या हातून निसटलं, तर पुन्हा पडून दाखवतो.

स्कीइंगची ओढ वेगाची असते म्हणतात. वेग तर रात्री दोनला घोडबंदर रोडवरही मिळतो. डोंगराची म्हणावी, तर नॅशनल पार्कचा डोंगर आमच्या पाठीशीच उभा आहे. तो चढायचं नाव काढलं की गुडघे दुखतात. गुलमर्गला चढायचं काम गोंडोला नावाचा रोपवे करतो, थेट अफरवटच्या डोंगरापर्यंत. आपण फक्त खाली यायचं. आणि खाली येताना चारचौघांत लोळण घेतली तरी कोणी हसत नाही, उलट टाळ्या पडतात. मॅनेजर, मुख्याध्यापक, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना अशी मुभा देणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

शिकवणाराही सुरुवात पडण्यापासूनच करतो. तोल गेला की कुशीवर पडा, हात मागे टेकू नका. मग थांबणं: पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब. वळणं शिकायची वेळ येईतो आपल्या परतीच्या विमानाची वेळ झालेली असते. औलीला याचेच कोर्स सात आणि चौदा दिवसांचे असतात, पण एवढी रजा कोण देतो?

पोरांना स्नोबोर्ड हवा असतो. १९६५ मध्ये अमेरिकेत शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की एकत्र जोडल्या. त्या खेळण्याची नात १९९८ मध्ये नागानोला ऑलिंपिकमध्ये पोचली. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, त्यामुळे पडणं अधिक देखणं. रीलला बरं.

ज्यांना पडायचंही धाडस नाही, ते स्लेजवर बसतात. चढावर एक काश्मिरी माणूस त्यांना ओढत नेतो, आणि उतरल्यावर ते त्याच्याशी पन्नास रुपयांवरून हुज्जत घालतात.

गुलमर्गच्याच बाजूचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलम या स्कीइंगच्या शर्यतीत पंचेचाळिसावा आला. स्लॅलमची शर्यत मात्र त्याला पुरी करता आली नाही. हे सांगितलं की गुलमर्ग करून आलेला काशीगावकर जाणत्यासारखी मान हलवतो. ‘वजन मागे गेलं असणार त्याचं. माझंही सुरुवातीला जायचं.’