आश्रयाचा कायदा न लिहिणाऱ्यांना

इमिग्रेशन व विदेशी नागरिक कायदा, 2025 लिहिणाऱ्या साहेबांना,

1946 चा ब्रिटिश कायदा मोडीत काढून नवा लिहायची संधी तुम्हाला मिळाली. 1 सप्टेंबर 2025 पासून तो लागूही झाला. व्हिसा संपल्यावर राहिलात तर तीन वर्षांपर्यंत कैद, कागदांशिवाय शिरलात तर पाच. परदेशी विद्यार्थ्याची माहिती कॉलेजाने कळवायची, हेही तुम्ही विसरला नाहीत. फक्त जीव वाचवायला पळून आलेल्या माणसाने आश्रय कुठे मागायचा, हे लिहायला तुमची शाई पुरली नाही. काहींना सूट दिलीत. पण कोणाला, हे आदेश काढून तुम्हीच ठरवलेत.

आमच्या पुण्यात याचा अर्थ रोज दिसतो. येमेन, सुदान, सीरिया, अफगाणिस्तानातली मुले इथे शिकायला येतात. शिकता शिकता मागे देशच जळतो. पदवी झाली की विद्यार्थी व्हिसा संपतो, आणि त्या मुलाने जायचे कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाचे कार्यालय पुण्यात नाही. दिल्ली गाठून त्यांचे ओळखपत्र मिळवले, तरी तुमच्या कायद्याने तो परदेशीच.

25 ऑगस्ट 2021 आठवतो? काबूल पडून दहा दिवस झाले होते आणि तुम्ही भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे जुने व्हिसा एका फटक्यात रद्द केलेत. कोविडमध्ये घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. माणसाला दाराची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हा तुम्ही कडी लावलीत.

1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, याची तुम्हाला लाज वाटत नाही. जॉर्डन आणि लेबनॉनचीही सही नाही. पण जॉर्डनने 1998 मध्ये आयोगाशी लेखी समझोता तरी केला. तुम्ही तेवढेही केले नाहीत. आणि कायद्याऐवजी सरकारच्या मर्जीवर सोडले की काय होते, ते लेबनॉनने दाखवले: 2015 मध्ये सरकारने सांगितले आणि आयोगाला सीरियन निर्वासितांची नवी नोंदणी थांबवावी लागली.

आता तुम्ही परंपरेचा दाखला द्याल. जरूर द्या, तो खरा आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. गोंदिया जिल्ह्यातली तिबेटी वसाहत आजही नांदते आहे. पण ही दारे सत्तेच्या मनात आले म्हणून उघडली, आणि काबूलकरांसाठीचे मनात आले म्हणून बंद झाले. पुण्याच्या कोंढव्यात खोली घेऊन राहणाऱ्या येमेनी पोराने तुमच्या मनाचा अंदाज कसा बांधायचा?

शशी थरूर यांनी 2015 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये आश्रयाचे खासगी विधेयक मांडले. ते पसंत नसेल तर स्वतःचे लिहा. अर्ज कोणाकडे, उत्तर किती दिवसांत, नकार मिळाला तर अपील कुठे, आणि निकालापर्यंत परत धाडणार नाही याची हमी. एवढी चार कलमे लिहायला तुम्हाला अजून किती वर्षे लागणार आहेत, ते कळवा.

एक पुणेकर