अण्णांची ओपीडी

अण्णांकडे जाताना कॅमेरा बिघडलाय असंच सांगायचं. "चांगला चालतोय" असं चुकून म्हणालात, तर "मग माझ्याकडं कशाला आणलास?" म्हणून ते पेपरात तोंड खुपसतात.

एसटीच्या भोर डेपोत उभी हयात मेकॅनिकगिरी केली, रिटायर झाले आणि पान्हे ठेवून घड्याळजीचे स्क्रूड्रायव्हर हातात घेतले. ओसरीवर ओपीडी. कुणाच्या आजोबांचा बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक-थ्री, कुणाचा लग्नाच्या ऑर्डरी मारून दमलेला याशिका. राजवाड्यात सिनेमाचं शूटिंग लागलं की सारं गाव तिकडं लोटतं. अण्णाही जातात, हिरोइनीला ओलांडून थेट कॅमेऱ्यापाशी पोचतात आणि विचारतात, "आत फिल्म आहे का?" नाही म्हटलं की चप्पल फिरवून घरी.

तपासणी कानापासून सुरू होते. शटर एका सेकंदावर लावून कॅमेरा कानाशी धरतात. चर्रर्र... आणि मध्येच आवाज अडकला की डोळे मिटून म्हणतात, "तेल सुकलंय. गिअर धरतोय." मग लेन्स उजेडाकडे. भिंगाच्या कडेला पांढरी जाळी दिसली की आवाज एकदम हळवा होतो. "बुरशी. वेल्ह्याचा पाऊस प्यायलाय हा." मागच्या दाराचा फोम विरघळून डांबर झालेला असेल, तर ते खरवडून तिथं काळी लोकर बसवतात. नातवाची कानटोपी त्यापायी अर्धी उसवली आहे.

त्यांचा स्वतःचा पेशंट म्हणजे मिनोल्टा एसआरटी-१०१. त्याच्या मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो बाजारातून केव्हाच गेला. कानाच्या मशीनचा सेल १.४ व्होल्टचा, म्हणजे जवळपास तेवढाच. तेव्हा सासूबाईंना तीन दिवस काही ऐकू आलं नाही, पण मीटर अचूक चाललं. दमट हवा नको म्हणून एका पावसाळ्यात त्यांनी हा कॅमेरा आंबेमोहोराच्या डब्यात पुरून ठेवला. दिवाळीला काढला, तेव्हा शटरमध्ये तांदळाची कणी आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की भूक. अडकलेला रोल काढायचा तर डार्करूम कुठली? भर मे महिन्यात गोधडी पांघरून दारं-खिडक्या लावून बसले होते. काकूंनी ताप आला समजून काढा आणला.

मागच्या हिवाळ्यात मला तोरण्यावर घेऊन गेले. पायथ्याचं वेल्हे, तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण अण्णांचं वेल्हं काही सुटलं नाही. १,४०३ मीटरचा गड, गुडघे कुरकुरत होते, तरी बिनी दरवाजापासून खटाखट सुरू. मीटरकडे बघायचंही नाही. "लख्ख ऊन, शंभरची फिल्म. सोळावर अ‍ॅपर्चर, १/१२५. संपलं." झुंजार माची झाली, समोरचा राजगड झाला, मी झालो, एक बकरीही झाली.

"अडतीस," अण्णा आकडा वाचून म्हणाले. मग "एकोणचाळीस." मग छाती काढून, "चाळीस! छत्तीसच्या रोलवर चाळीस. लोड करायला हात लागतो, बाबा."

मी त्यांच्या डाव्या अंगठ्याजवळच्या चकतीकडे बघत होतो. फिल्म पुढं सरकली की ती चकती फिरते. अण्णांनी पुन्हा लिव्हर ओढला. चकती ढिम्म.

"अण्णा, ही फिरत नाहीये."

त्यांनी चकती बोटानं फिरवून पाहिली. नुसतीच सैल फिरली. फिल्मचं टोक रिळात धरलंच नव्हतं. सकाळपासून सारा गड, बकरीसकट, कोऱ्या हवेवर काढून झाला होता.

मला वाटलं, आता मटकन बसणार. बसलेही, पण खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून. चेहरा असा उजळला, की सासूबाईंना ऐकू यायला लागलं तेव्हाही उजळला नसेल. "फॉल्ट आहे म्हणजे!" तटाच्या सावलीत दार उघडलं, रिळाची खाच ठाकठीक केली, टोक पुन्हा खोचलं. "रोल अख्खा वाचला की रे." दार लावलं, लिव्हर ओढला. चकती गरकन फिरली. दुसऱ्यांदाही फिरली.

अण्णांनी जांभई दिली आणि कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला.

"चालतोय. घे, तू काढ आता."