बहिणीला नारळ

रायगड किनाऱ्यावरच्या समस्त भाऊरायांस,


पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, सोमवारी ये. आधार कार्ड आण, दोन फोटो आण. आणि भावोजींनाही घेऊन ये, जिताडा सांगून ठेवलाय." माझ्या लग्नाला तीस वर्षं उलटून गेली. एवढ्या वर्षांत भावोजींना जिताडा खाऊ घालावा असं त्याला पहिल्यांदाच वाटलं, तेव्हाच मी ओळखलं की माहेरच्या माड-पोफळीच्या वाडीला गिऱ्हाईक आलंय.

जिताड्याच्या कालवणानंतर समोर येतो तो कागद. नाव हक्कसोडपत्र. किती सुरेख मराठी लिहिता हो तुम्ही! 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता...' माहेरी एवढ्या अदबीनं माझ्या मर्जीचा उल्लेख याआधी कधी झाला नव्हता. शाळा सोडताना नाही, लग्न ठरवतानाही नाही. मर्जी विचारली ती थेट सहीच्या वेळी.

आणि स्वस्त तरी किती! भावाच्या नावे वडिलार्जित जमिनीचा हक्क सोडायचा तर मुद्रांक दोनशे रुपयांचा होता. ऑक्टोबर 2024 पासून सरकारनं तो पाचशे केला, तेव्हा तुम्ही केवढे हळहळलात! बहिणीचा हक्क तीनशे रुपयांनी महागला म्हणून वाईट वाटणारे भाऊ सगळ्यांच्या नशिबी नसतात.

गैरसमज नको. तुमची बाजू मला पाठ आहे. पहिला मुद्दा, 'ताई, तुझ्या लग्नात खर्च केला की.' खरं आहे. मांडव होता, बँड होता, जेवणावळी होत्या. तुमच्या लग्नातही होत्या. पण तुमच्या पंगती देवाच्या नावे आणि माझ्या पंगती माझ्या खात्यावर, ही वही कोणी लिहिली ते तेवढं सांगा.

दुसरा मुद्दा, 'आईवडिलांना आम्ही सांभाळलं.' इथे मात्र मी हात जोडते. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तिचं अंथरूण बदलणं, औषधं देणं, रात्री उठणं हे सगळं माहेरी झालं, आणि ते वहिनीनं केलं. तेव्हा सांभाळण्याच्या हिशेबानं वाडी द्यायची असेल तर वहिनीच्या नावावर करा. सोयही आहे. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतर्फे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावायची योजना सरकारनं 1992 मध्येच आणली. मी वहिनीला विचारलं, तुझं नाव लागलं का? ती हसली आणि भाकरी उलटायला आत गेली.

तिसरा मुद्दा सगळ्यांत भारी, 'जमीन घराबाहेर जाऊ नये.' मी म्हणजे बाहेरची. मग गिऱ्हाईक कोण? मुंबईचा. शेतकरी असल्याचा दाखला त्याच्याकडे आहे, पायात पांढरे बूट आहेत, आणि माडाला शिडी लावतात की पोफळीला हे त्याला माळ्याला विचारावं लागतं. मांडव्याला रो-रो लागली, अटल सेतू झाला, आणि गुंठ्याचे भाव ऐकून आमच्या गावात लोक खाली बसायला लागले. उद्या तो गृहस्थ वाडीला आठ फुटांचं कुंपण घालेल, आत पोहायचा तलाव करेल आणि फाटकावर भय्या बसवेल. बहिणीला हिस्सा गेला तर जमीन घराबाहेर जाते. त्याला विकली की घरातच राहते. असलं गणित शिकायला आमच्या वेळी मुलींना सातवीपुढे पाठवत नव्हते, म्हणून मला ते जमत नसावं.

आता थोडं कायद्याचं. 1956 च्या वारसा कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मुलालाच ठेवला होता. महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून तो मुलीलाही दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. माझं लग्न मे 1994 मधलं. एका महिन्यानं माझी मंगलाष्टकं लवकर म्हटली गेली आणि तुमची वाडी वाचली! पण सरकारला चैन पडेना. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्रानंच कायदा दुरुस्त केला आणि लग्नाची अट गेली. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा, 2005 ला बाप हयात असो वा नसो. एवढं सगळं झालं, पण गावात पोचलं ते एकच: आता बहिणीची सही लागते.

सही लागते, कारण नाव लागत नाही. बाप गेल्यावर वारस सांगायला तुम्ही जाता, आणि नेमकी तिथेच तुमची स्मरणशक्ती दगा देते. भाऊबीजेला कुठली बहीण किती वाजता येणार हे तोंडपाठ, पण वारसनोंदीच्या अर्जात एकही आठवत नाही. आणि आठवलीच, तर तिला जागा कुठे? तुम्ही भोगवटादाराच्या रकान्यात, ती 'इतर हक्क' या रकान्यात. विहिरीचा हक्क, वाटेचा हक्क, बँकेचा बोजा आणि बहीण, सगळी एका माळेत.

माळेवरून आठवलं. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कांद्याच्या वेण्या कोण बांधतं? रस्त्याच्या कडेला उन्हात बसून विकतं कोण? खारेपाटात गुडघाभर चिखलात लावणी कोण करतं? आणि 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमीन धारकांत बायका किती, तर शंभरात चौदाच्या आसपास. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं आपले माड-पोफळी झोपवले तेव्हा झावळ्या ओढायला सगळ्या होत्या. हेक्टरी पन्नास हजारांची मदत आली ती मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला. वादळाला मेलं कळतच नाही, वाडी कुणाच्या नावावर आहे ते.

आणि हे सगळं कुठे चाललंय? चरीच्या शेतकरी संपाच्या तालुक्यात! नारायण नागू पाटलांच्या मागे पंचवीस गावांची कुळं उभी राहिली आणि 1933 पासून सहा वर्षं त्यांनी जमिनी पड टाकल्या, पण खोतापुढे वाकली नाहीत. त्या कुळांसाठी 1934 मध्ये बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच बाबासाहेबांनी त्याआधी, 25 डिसेंबर 1927 ला, आपल्याच जिल्ह्यात महाडला मनुस्मृती जाळली. आणि लेकीबाळींना वारसा देणारं हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून 1951 मध्ये मंत्रिपदावर पाणी सोडलं. चरीचं भाषण तुम्हाला आठवतं, राजीनामा आठवत नाही. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा तुम्ही नीट ऐकलीत. त्यातल्या 'त्याची'वर जरा जास्तच जोर दिलात इतकंच. खोत गेले म्हणून आपण पेढे वाटले, भाऊरायांनो. ते घरात येऊन बसलेत हे कुणी सांगितलंच नाही.

तरी मी सही करीन म्हणून तुम्ही निर्धास्त असाल. त्याचं कारणही मला ठाऊक आहे. माहेर तुटेल ही भीती. पोरीबाळी जमिनीसाठी सह्या करत नाहीत, त्या अंगणासाठी करतात, आपलं म्हणून जाता येईल अशा एका दारासाठी करतात. तुम्ही हिस्सा मागत नाही, ते दार गहाण मागता. आणि त्या बदल्यात निघताना गाडीत काय ठेवता? चार नारळ! आपल्या भाषेत नारळ देणं म्हणजे घालवून देणं, हे तुमच्या लक्षात आलं नसेल. आम्हालाही यायला फार वर्षं लागली.

तर सोमवारी मी येते. जिताडा खाईन, नारळही घेईन. सही मात्र आधी एकाच कागदावर करीन, वारसनोंदीच्या अर्जावर. माझं नाव तुमच्या शेजारी, त्याच रकान्यात लागू दे. मग विकायचं, ठेवायचं की तुम्हालाच द्यायचं ते बसून बोलू. जे माझ्या नावावरच नाही ते राजीखुशीनं सोडायचं कसं?

आणि माझ्यासारख्या ताईंनो, तुम्हालाही सोमवारचा फोन येईल. जरूर जा. चष्मा घेऊन जा.

तुमची,
'इतर हक्कां'तली ताई

ता.क. : येत्या नारळी पौर्णिमेला ओवाळणीचं पाकीट नको. सातबाऱ्याचा उतारा आणा. पंधरा रुपयांत मिळतो.