दोन उलटे, दोन सुलटे

नवतपा लागलेला. पारा 45 च्या वर, कूलरमध्ये पाणी टाकून टाकून घरचे दमलेले, आणि मफलरकाकू त्याच कूलरसमोर मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेल्या. लोकर घामेजल्या बोटांना चिकटते, तरी सुया थांबत नाहीत. ‘काकू, आत्ता?’ असं विचारलं तर म्हणतात, ‘‘पूस महिना काय सांगून येते का बाप्पा?’’

गडचिरोलीच्या दर मोहल्ल्यात अशी एक काकू असतेच. नाव-गाव मागाहून, तिची नजर आधी तुमच्या गळ्यावर जाते. गळा उघडा दिसला की माप ठरलंच: बाप्याला 60 इंच, पोट्ट्याला 40. सुया 8 नंबरच्या. एक ओळ सुलटी, एक उलटी विणली तर मफलरच्या कडा वळून पुंगळी होते, म्हणून काकूंचं आपलं दोन उलटे, दोन सुलटे. असा मफलर ताणला तरी जागेवर येतो आणि दोन्हीकडून सारखाच दिसतो. नवऱ्यात यातला एकही गुण नसतो, असं त्या काकाजींसमोरच सांगतात. काकाजी काही बोलत नाहीत. गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झाला, त्या हिवाळ्यात विणलेला मफलर त्यांच्या कानावरून हनुवटीखाली अजून घट्ट बांधलेला असतो. ऐकू येत नसावं.

लोकर बहुधा विकतची नसते. शाळेचा मरून स्वेटर, भाच्याचा पोपटी, कुणाचा तरी निळा, असं सगळं उसवून त्याचे पट्टे होतात. त्यामुळे एकासारखा दुसरा मफलर अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. हिवाळ्यात तिबेटी मंडळींची स्वेटरची दुकानं कुठे लागली की काकू हटकून जातात, प्रत्येक नग उलटून बघतात, नक्षी डोक्यात भरून घेतात आणि ‘‘मशीनचं आहे’’ म्हणत रिकाम्या हाताने परततात.

त्या पट्ट्यांचा खरा उपयोग झाडीपट्टीच्या नाटकांत कळतो. दिवाळी ते होळी गावोगाव मंडप पडतात, वडशाच्या कंपन्या येतात, आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत जमिनीवर हजारेक डोकी गुंडाळून बसलेली. त्यात कोण कुणाचा, हे बापालाही ओळखू येत नाही. काकूंना येतं.

मागच्या पुसात पुतण्या ‘मित्राकडे अभ्यासाला जातो’ सांगून निघाला होता. तिसऱ्या अंकाआधी दिवे लागले आणि पुढच्या रांगेत काकू मान वळवून बसलेल्या दिसल्या. पोराने खाली वाकून मफलर झर्रकन काढला, उलटा केला आणि पुन्हा तोंडावर गुंडाळला.

‘‘उलटून काय होते रे पोट्ट्या,’’ रांगेतून आवाज आला, ‘‘दोन उलटे, दोन सुलटे हाय तो!’’