शेअर वर, कॉल खाली

अहमदपूरच्या बसस्थानकासमोर चहाच्या गाड्यावर हल्ली पावसापाण्याच्या जोडीला आणखी एक तक्रार ऐकू येते : "शेअर तर वर गेला की ओ, मग माझा कॉल खाली कसा?" तक्रारदार पंचविशीतला, हातात मोबाइल, आणि संशय थेट मुंबईवर.

मुंबईनं काही केलेलं नाही, लेका. तू शेअर घेतलाच नव्हतास. कॉल म्हणजे ठरल्या मुदतीअखेर ठरल्या भावानं शेअर घेण्याचा हक्क. तू ती मुदत घेतली होतीस, आणि ती रोज थोडी थोडी संपते. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, मुदत चालूच असते.

समजा, शेअर 1,000 रुपयांवर आहे. उद्या तिमाही निकाल, मुदत संपायला म्हणजे एक्स्पायरीला सहा दिवस. तू 1,050 चा कॉल 12 रुपयांना उचललास. निकाल चांगला लागला, शेअर 1,030 वर गेला, घरी पेढे आले. कॉल बघतोस तर 6 रुपये! यात कुणाची लबाडी नाही. शेअर 1,050 ओलांडत नाही तोवर त्या कॉलच्या पोटात हक्काचा एक रुपयाही नसतो. ते 12 च्या 12 रुपये 'काय सांगावं, काहीही होईल' याचे होते. निकाल लागला आणि 'काहीही'मधली हवा गेली. शेअर तीन टक्के चढल्याचा फायदा झालाच, पण हवेबरोबर गेलं ते त्याहून जास्त होतं.

सोयाबीन कापून रानात पडलेलं असताना आभाळ भरून आलं की ताडपत्रीचा भाव बघावा, आणि लख्ख ऊन पडल्यावर पुन्हा बघावा. सोयाबीनचा भाव दोन्ही दिवशी तोच असेल. प्रीमियमही, म्हणजे कॉलची किंमतही, असाच आभाळाकडे बघून ठरतो.

या आभाळाचा आकडा रोज छापून येतो. नाव इंडिया व्हिक्स : बाजाराला पुढं किती उलथापालथ वाटते, त्याचं माप. 3 जून 2024 ला, लोकसभा निवडणुकीच्या एक्झिट पोलच्या खुशीत, निफ्टी 733 अंकांनी उसळला आणि व्हिक्स मात्र उतरला. 4 तारखेला खरे निकाल आले, निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळला, व्हिक्स भडकला. 5 तारखेला निफ्टी पुन्हा 735 अंकांनी वर आणि व्हिक्स 26 च्या वरून थेट 19 च्या आत. 4 तारखेच्या घबराटीत लांबच्या स्ट्राइकचे, म्हणजे चालू भावापासून दूरच्या ठरल्या भावाचे, महागडे कॉल घेणाऱ्यांची दिशा दुसऱ्या दिवशी बरोबर ठरली. किंमत मात्र त्यांनी भीतीच्या भावानं मोजली होती.

लांबच्या स्ट्राइकला बऱ्याचदा गिऱ्हाईकच नसतं, हेही आहे. मोबाइलवर दिसतो तो शेवटचा सौदा. तो सकाळी सव्वानऊचाही असू शकतो. दुपारी तीनला त्याच्याकडे बघून छाती धडधडवण्यात अर्थ नाही.

सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये हिशेब मांडला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 तोट्यात, एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. ट्रेडरांपैकी 72 टक्क्यांहून जास्त लोक पहिल्या तीस शहरांबाहेरचे, म्हणजे आपलेच. तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलेलं. त्याच 2023-24 मध्ये, खर्च वजा करण्याआधी, स्वतःच्या पैशानं खेळणाऱ्या दलाली पेढ्यांनी 33 हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी 28 हजार कोटी नफा काढला. त्यातला बहुतेक नफा संगणकाच्या अल्गोरिदमनं कमावलेला. ही मंडळी 'शेअर वर जाईल का?' एवढ्यावर थांबत नाहीत, 'काहीही होईल'ला आज काय भाव लावावा हेही बघतात. आपल्याकडे टेलिग्रामवरचे गुरुजी स्ट्राइक सांगतात आणि टार्गेट सांगतात. व्हिक्सचा विषय निघाला की त्यांचं नेटवर्क जातं.

आता घरातला दुसरा गडी बघा. बापाला भाव पडण्याची भीती खरोखरची असते. सोयाबीन निघायच्या आधी अमुक दरानं विकण्याचा हक्क, म्हणजे पुट, चार पैसे देऊन विकत घेता आला तर तो त्याच्या कामाचा. पण सेबीनं डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीन, हरभरा धरून सात शेतमालांच्या वायदे-ऑप्शन व्यवहारांवर वर्षभराची बंदी घातली आणि नंतर ती पुन्हा पुन्हा वाढवली. त्यामुळे बाप पोतं घेऊन लातूरच्या आडतीवर जात राहिला आणि मिळेल तो भाव घेत राहिला. त्याचा बाजार वर्षानुवर्षं बंद राहिला. पोराला मात्र केवायसी झाली की निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये दर आठवड्याला नवी एक्स्पायरी.