अनसिंगच्या माडीवर कंपनी संस्कृती कशी रुजवावी

प्रथम कर्मचारी कुठे आहे ते नकाशावर पाहून घ्यावे. वाशिमहून पुसदकडे जाताना अनसिंग लागते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हिंजवडीची जी पोरे लॅपटॉप घेऊन गावी पोचली, त्यांतला एक इथे माडीवर बसून तुमचे सॉफ्टवेअर तपासतो आहे. माडीवर, कारण रेंज तिथेच येते. काम वेळेवर देतो, तक्रार करत नाही. म्हणजे त्याला संस्कृतीची तातडीने गरज आहे.

सुरुवात ‘आपण सारे एक कुटुंब’ या वाक्याने करण्याची प्रथा आहे. अनसिंगात ते जपून वापरावे. इथे कुटुंबातल्या माणसाचे नाव सातबाऱ्यावर असते आणि ते काढायचे तर तलाठ्यापासून दिवाणी कोर्टापर्यंत जावे लागते. त्यात एखादी पिढी सहज खपते. तुमच्या कुटुंबात आधी पासवर्ड बंद होतो, मग ईमेल येतो. कोणत्या कुटुंबात असे करतात, असे वडिलांनी विचारलेच तर उत्तर तयार ठेवावे.

मग कॅमेरा. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची कारणे मांडली: सगळ्यांचे डोळे सतत अंगावर, समोर सतत स्वतःचाच चेहरा, एका जागी खिळून बसणे आणि हावभाव समजायला-समजवायला पडणारे जादा कष्ट. तेव्हा कॅमेरा सक्तीचा करावा. पार्श्वभूमी धूसर ठेवली की तुरीची पोती दिसत नाहीत. माय मात्र अधूनमधून दिसते, आणि ‘कोनासंग बोलून राह्यला रे इतका येळ?’ हे सर्वांना स्पष्ट ऐकू येते. त्या क्षणी बारा चौकोन एकदम हसतात. इतिवृत्तात याची नोंद घेऊ नये.

दर शुक्रवारी चार वाजता व्हर्च्युअल चहा ठेवावा. चहा ज्याचा त्याने करायचा, विषय कंपनीने द्यायचा. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे घरून काम करू लागल्यावर माणसे आपापल्या गटात अधिक घट्ट झाली आणि दुसऱ्या गटांशी बोलणे घटले, असे त्यात दिसले. यावर उपाय म्हणून त्याच गटाची आणखी एक मीटिंग लावावी. अंताक्षरी असेल तर उत्तम.

रात्रीच्या कामाचे प्रशिक्षण या कर्मचाऱ्याला देण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल रात्री साडेनऊला. शेतीपंपाची थ्री फेज लाइन तर वेळापत्रकाप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला वडील बॅटरी घेऊन वावरात निघतात, त्याच वेळी पोरगा माडी चढतो. एकाला तिमाही संपल्यावर ‘जिद्दी सहकारी’ असे प्रमाणपत्र मिळते, दुसऱ्याला सर्दी. (वडील हेडलाइट लावून बांधावर उभे असताना पोराने त्यांना ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ समजावून सांगितल्याचे ऐकिवात नाही.)

गावातली लाइन गेली, की तो व्हॉट्सअ‍ॅपवर दोनच शब्द टाकतो: ‘लाइन गेली.’ कोल्हापुरातली सहकारी काही न विचारता त्याचे अर्धे काम उचलते. तिच्याकडे पावसाने नेट बंद पडते तेव्हा तो तिचे उचलतो. दोघे आजवर प्रत्यक्ष भेटलेले नाहीत. ही सवय कोणत्याही कार्यशाळेत लागली नाही, तिच्यासाठी रकाना नाही, सल्लागाराचे बिल नाही. त्यामुळे ती संस्कृतीत धरता येत नाही.

सुट्ट्यांच्या यादीत पोळा ऐच्छिक ठेवावा आणि त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरचे प्रकाशन लावावे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी क्लायंटच्या थँक्सगिव्हिंगमुळे काम आपोआप थंडावते. तेव्हा त्याने कृतज्ञता व्यक्त करावी. सोयाबीनच्या सोंगणीत रजा मागितली, तर कारणात ‘कौटुंबिक’ लिहायला सांगावे. सुडीवर ताडपत्री टाकायची आहे, हे फॉर्मच्या यादीत बसत नाही.

वर्षातून चारदा टाउन हॉल घ्यावा. ग्रामसभेचा अनुभव असलेल्या माणसाला तो नवा नाही, फरक तेवढे समजावून द्यावेत. ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल ते. ती न भरल्यास सभा तहकूब होते. टाउन हॉलला ही अडचण नाही, कारण चूल पेटवायला गेलेला माणूसही स्क्रीनवर हजर असतो. ग्रामसभेत कुणीही उठून नालीच्या पैशांचा हिशेब मागतो. आपल्याकडे प्रश्न दोन दिवस आधी पाठवायचे असतात आणि पगारवाढीचा प्रश्न वेळेअभावी राहून जातो.

एवढे करून संस्कृती पुरेशी मजबूत झाली, की सर्वांना पुण्याला परत बोलवावे. यात कचरण्यासारखे काही नाही. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले होते, की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ऑफिसात येण्याची गरज उरणार नाही; २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिथे पाचही दिवस ऑफिस सुरू झाले. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत दोन दिवस घरून काम दिल्यावर राजीनामे एक तृतीयांशाने घटल्याचे ‘नेचर’ने २०२४ मध्ये छापले. असले कागद बैठकीत कुणी आणू नयेत, याची काळजी घ्यावी.

मग कर्मचारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्यात येईल, तिघांत एक खोली घेईल, हिंजवडीच्या वाहतुकीत दीड तास काढून जागेवर बसेल आणि कानाला हेडफोन लावेल. त्याची टीम बंगळूर, कोल्हापूर आणि डॅलसमध्ये असल्याने मीटिंग ऑनलाइनच होईल.